लाल काही आलं नाही

त्याचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, कोणाच्या तोंडात नव्हतं. ऑफिसात सगळे त्याला सावकाश म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी तो स्वतःच टेबलावरचा फोन उचलून “हां, सावकाश बोलतोय” म्हणायला लागला. मीही त्याला सावकाशच म्हणायचो. नाही कशाला म्हणू.

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली रंगाचं दुकान. अकरा माणसं आणि मालक. लोकांनी इंटरनेटवर भरायचे फॉर्म आम्ही बनवायचो, शाळांचे, दवाखान्यांचे, पाणीपुरवठ्याचे. म्हणजे ते बनवायचे. मी निवृत्त झाल्यावर तिथे तपासणीला लागलो होतो. फॉर्म मुद्दाम चुकीचा भरून बघायचा आणि यादीवर खूण करायची, एवढंच माझं काम. नावात आकडे घालायचे, जन्मतारीख पुढच्या वर्षाची लिहायची, पत्ता कोरा सोडायचा. शाळेत कारकुनी करताना ज्या चुका होऊ नयेत म्हणून आयुष्यभर जिवाचा आटापिटा केला, त्या म्हातारपणी ठरवून करायच्या. पण बसून काम होतं, आणि माझी खुर्ची सावकाशच्या शेजारी होती.

माणसाने फॉर्म चुकीचा भरला की त्याला ती चूक दाखवायची, हे सावकाशचं काम. हे थोडं समजावून सांगावं लागेल. फॉर्म कोणी पायापासून बांधत नाही. तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आपण रकाने सांगायचे, नियम सांगायचे. माणसाने बटण दाबलं की सांगाडा नियम लावतो आणि चुकांची यादी काढून देतो. पण ती यादी पानावर कुठे छापायची, हे पान लिहिणाऱ्याने सांगायचं असतं. नाही सांगितलं तर सांगाडा गप्प बसतो. अर्ज आत घेत नाही, पण तसं म्हणतही नाही. माणसाने लिहिलेलं सगळं जसंच्या तसं भरून तेच पान पुन्हा समोर ठेवतो.

चुका दोन प्रकारच्या. एक साधी, म्हणजे वय लिहायचं राहिलं. ती त्या रकान्याखाली लाल अक्षरांत यायची. दुसरी दोन रकाने मिळून होणारी, म्हणजे दवाखान्यातून घरी गेल्याची तारीख दाखल होण्याच्या आधीची. दोन्ही तारखा आपापल्या जागी बऱ्या दिसतात, एकत्र बघितल्या की चूक. अशी चूक कुठल्याच एका रकान्याची नसते, तिला जागा वेगळी द्यावी लागते. सावकाश ती पानाच्या अगदी वर, आडव्या लाल पट्टीत द्यायचा.

इतर लोक “माहिती अवैध आहे” असं एकदा लिहून सगळीकडे चिकटवायचे. सावकाशला ते जमायचं नाही. एकेका वाक्याला तो अर्धा दिवस घ्यायचा.

“‘अवैध’ म्हणजे काय हो, काका?” तो मला विचारायचा. “माणसाला वाटतं आता पोलीस येतील.”

समोर डिझाइनवाली बाई बसायची. पानांचे रंग, आकार तिच्याकडे. जीभ फार तिखट. “अहो सावकाश, चूक सांगताय की समजूत काढताय?”

“दोन्ही,” तो म्हणायचा आणि पुन्हा त्याच वाक्यावर बसायचा.

ही सवय त्याला घरून लागली होती. घरात तो आणि त्याची ताई, दोघंच. ताई बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईने शिलाईवर घर चालवलं आणि याला शिकवलं. लग्न दोघांनीही केलं नाही. तिच्यासाठी आलेली दोन स्थळं तिने याच्या शाळेपायी परत पाठवली, आणि मग याने तिच्यापायी विषयच काढला नाही. दोन खोल्या होत्या, बाहेरच्या खोलीत मशीन, कात्री, टांगलेले अर्धवट कपडे. मी तीन-चार वेळा गेलो असेन. सावकाश आपली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून घरी न्यायचा आणि ताईला वाचायला द्यायचा. ती तोंडात टाचण्या धरून वाचायची.

“हे नाही कळलं मला.”

“काय नाही कळलं?”

“चुकलंय ते कळलं. कुठे ते नाही. अरे, कपडा बसत नाही म्हणून नुसता परत देणारा शिंपी असतो का? जिथे बसत नाही तिथे खडूची रेघ मारावी लागते.”

मग तो चिठ्ठी फाडायचा आणि दुसरी लिहायचा. ताईला कळलं की वाक्य पक्कं. तिला फॉर्म भरायला त्यानेच शिकवलं होतं. वीजजोडणीचा, ओळखपत्राचा, सगळे ती स्वतः भरायची, फोनवर. त्याने तिला एक गोष्ट पढवली होती. बटण दाबल्यावर लाल कुठे दिसतं का बघ. लाल नाही म्हणजे बरोबर.

आता मालकाबद्दल. ते ओरडायचे नाहीत, हसत बोलायचे. त्यांनी दारात एक लाकडी पेटी ठेवली होती. सकाळी प्रत्येकाने आपला फोन त्यात टाकायचा, संध्याकाळी घ्यायचा. मधे वाजला तर उठायचं नाही. वाजायला लागला की मालक केबिनच्या दारात उभे राहून रिंगा मोजायचे. “सात... आठ... नऊ. बाई, तुमच्या घरचे फारच चिकट.” डिझाइनवालीचं लेकरू एकदा तापाने फणफणलं होतं, तेव्हा त्यांनी अठ्ठावीसपर्यंत मोजलं. आम्ही सगळे हसलो. ती पण हसली, मान खाली घालून.

त्या वर्षी एका मोठ्या सरकारी दवाखान्याचं काम आलं. मूत्रपिंड निकामी झालेल्या लोकांना यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. यंत्रं थोडी, माणसं फार. तेव्हा नाव नोंदवायचा फॉर्म, आणि नंबर लागला की दवाखान्याने फोन करायचा. दवाखान्याचा नियम असा की दोन वेगळे फोन नंबर हवेत, एक रुग्णाचा, एक सोबतच्या माणसाचा. पहिला उचलला नाही तर दुसऱ्यावर करायचा. दोन्हीवर कोणी बोललं नाही तर यंत्र पुढच्याला.

दोन्ही रकान्यांत एकच नंबर लिहिला तर काय म्हणायचं, यावर सावकाश दोन दिवस अडून बसला. ज्यांच्या घरी एकच फोन आहे त्यांनी काय करायचं? हे कोणालाच माहीत नव्हतं. तो सुट्टीच्या दिवशी स्वतः दवाखान्यात गेला, नोंदणीच्या खिडकीपाशी दीड तास उभा राहिला, आणि विचारून आला. मग लिहिलं:

“रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा फोन नंबर एकच आहे. दुसरा वेगळा नंबर द्या. घरात एकच फोन असेल तर शेजाऱ्यांचा चालेल.”

चिठ्ठी ताईने वाचली. “कळलं,” म्हणाली.

फॉर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दवाखान्याचे मोठे डॉक्टर आमच्याकडे बघायला आले. बरोबर पाच-सहा माणसं. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. डॉक्टर म्हणाले, मी स्वतः भरून बघतो. भराभरा टाइप केलं, आणि दोन्ही रकान्यांत स्वतःचाच नंबर घातला. बटण दाबलं. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी आली.

कोणीतरी मागे खुदकन हसलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. “म्हणजे आम्ही आल्या आल्या नापास,” ते म्हणाले. सगळे हसले, मालक सगळ्यांत जास्त.

त्यांना जिन्यापर्यंत पोचवून मालक परत आले ते थेट आमच्या टेबलापाशी. हसू तसंच होतं.

“सावकाश, ती पट्टी काढा.”

“साहेब, पट्टी काढली तर दोन रकान्यांतली चूक दिसणारच नाही. पान नुसतं परत येईल.”

“रकान्यांखालचं लाल राहू दे. वरचं काढा.”

“मग मी ते वाक्य फोनच्या रकान्याखाली घेतो. एक दिवस द्या.”

“एक दिवस म्हणजे तुमचा एक दिवस ना? त्याचे आमचे चार. उद्या सकाळी सुरू होतंय. एक ओळ पुसायची आहे, तेवढी तरी पटकन पुसा.” आणि माझ्याकडे बघून, “काका, तुम्ही तपासून खूण करा. लगेच.”

सावकाशने ओळ पुसली. पाठीला कणा नाही असं लोक त्याला म्हणत, खरंच असेल. पण माझं सांगतो. मी दोन्ही रकान्यांत एकच नंबर घालून बघितलं. पान परत आलं, सगळं भरलेलं, स्वच्छ. माझ्या यादीत दोनच घरं होती, ‘ठीक’ आणि ‘नाही’. ‘नाही’ लिहिलं की केबिनमध्ये जाऊन का ते सांगावं लागे. मी ‘ठीक’वर खूण केली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सावकाशला दुसऱ्या कामावर घातलं. त्याने त्या वाक्यासाठी तीन वेळा चिठ्ठी पाठवली. तिसऱ्यांदा मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “एक तरी तक्रार आली का? तक्रारीचा फॉर्म आहे ना तिथे? तुमच्या त्या लाल पट्टीची आठवण फक्त तुम्हाला येते.”

तक्रार आली नव्हती, हे खरं. तक्रारीचं पानही त्याच साच्यातून निघालं होतं. तिथे अर्जाचा क्रमांक आणि फोन नंबर एकमेकांशी जुळावा लागे. ज्यांचा अर्जच आत गेला नव्हता त्यांच्याकडे क्रमांक कुठला? ते काहीतरी लिहीत, बटण दाबत, आणि पान तसंच परत येई. तिथलीही पट्टी त्याच ओळीबरोबर पुसली गेली होती. हे आम्हाला फार नंतर कळलं.

ताईचे पाय सुजायला लागले होते. तिने बरेच दिवस लपवलं. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, दोन-अडीच महिन्यांत यंत्रावर जावं लागेल, नाव आत्ताच नोंदवून ठेवा. हे तिने सावकाशला सांगितलं तेव्हा नाव नोंदवूनही झालं होतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो, पँटची कंबर मोठी करून घ्यायला.

“भरला मी फॉर्म,” ताई म्हणाली. “तुझाच आहे म्हटल्यावर तुला काय विचारायचं? सगळं कळलं हो मला. एकदा वय राहिलं होतं लिहायचं, तर खाली आलं लाल. लिहिलं, गेलं.”

“मग? परत लाल आलं काही?”

“ठिपकासुद्धा नाही. सगळं मी लिहिलं तसंच दिसत होतं समोर. म्हणजे घेतलं ना त्यांनी लिहून?”

“घेतलं,” सावकाश म्हणाला. आणि माझ्याकडे बघून हसला. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. ताईला त्याचा फॉर्म कळला होता. पट्टी आपणच पुसली आहे, हे त्याला त्या क्षणी आठवलं नाही. मला आठवलं का? पुसटसं. पण मला वाटलं, घरात दोन फोन आहेत, एक तिचा, एक याचा. कशाला होईल चूक. मी पँट पिशवीत घातली आणि निघालो.

नऊ आठवडे ताई फोन उशाशी घेऊन झोपली. आंघोळीला जाताना मशीनवर ठेवायची आणि दार उघडं ठेवायची. सावकाश रोज संध्याकाळी पेटीतून फोन काढला की आधी तिला विचारायचा, “आला?” ती म्हणायची, “येईल रे. माझ्यासारखेच असतील किती.”

दहाव्या आठवड्यात तिला दम लागायला लागला. जिना उतरवेना. सावकाश दवाखान्याच्या त्याच खिडकीवर गेला. आतली बाई यादी वरखाली करून म्हणाली, “या नावाचा अर्जच नाही.”

“असं कसं? माझ्या ताईने भरलाय.”

“क्रमांक सांगा.”

“कसला क्रमांक?”

“अर्ज पोचला की क्रमांक येतो. तुम्हाला माहीत नाही?” आणि मागच्या माणसाला, “हं, पुढे या.”

त्याला माहीत होतं. क्रमांकाचं पानही त्यानेच लिहिलं होतं. तो घरी आला आणि दारातूनच विचारलं, हे त्यानेच मला सांगितलं.

“ताई, सोबतच्या माणसाचा नंबर कोणाचा घातलास?”

“माझाच.”

“माझा का नाही?”

“तुझा पेटीत असतो ना दिवसभर. वाजला की तो मेला मोजत बसतो सगळ्यांसमोर. कशाला तुला त्रास?” मग त्याच्या तोंडाकडे बघून, “का रे? काही चुकलं का? लाल तर काही आलं नाही.”

बसून त्याने तिचा अर्ज पुन्हा भरला, दोन नंबर घालून. क्रमांक आला. अंदाजे सहा आठवडे, असं खाली लिहून आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने सांगाड्याची नोंदवही उघडली. कोणी काय लिहून किती वेळा बटण दाबलं ते त्यात आपोआप लिहिलं जातं. एकच नंबर दोनदा घातल्यामुळे तीनशे चाळीस जणांची पानं गुपचूप परत गेली होती. बहुतेकांनी लाल दिसेना म्हटल्यावर पुन्हा दाबलंच नव्हतं, ताईसारखं. एका माणसाने एका दुपारी चौदा वेळा. दर वेळी काहीतरी वेगळं बदलून. नावातला काना, मग वय, मग पत्त्यातला घर क्रमांक शब्दांत, मग पुन्हा आकड्यात. नंबरांना त्याने हात लावला नव्हता. लावायचा असतो हे त्याला कोण सांगणार? सावकाशने ते चौदाही मला वाचून दाखवले. एकेक, सावकाश. मी मान हलवत होतो.

ताईला तातडीचं म्हणून दोनदा यंत्र मिळालं. तिसऱ्यांदा मिळेपर्यंत तिने तग धरला नाही. अर्ज पोचल्यापासून सतराव्या दिवशी ती गेली. ऑफिसातून आम्ही तिघं गेलो होतो. मशीनवर कोणाचातरी झगा अर्धा शिवलेला होता, बगलेत खडूची रेघ.

नोंदवहीतला आकडा सावकाशनेच दवाखान्याला कळवला, मालकांना न विचारता. दवाखान्याचं खरमरीत पत्र आलं. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर दोन कागद होते. एकावर ती ओळ कोणी पुसली त्याची नोंद, सावकाशचं खरं नाव. दुसऱ्यावर माझी यादी, माझी खूण.

“तुमच्या बहिणीचं वाईट वाटलं,” मालक म्हणाले. “पण सावकाश, स्वतःच्या हाताने पुसलीत हो तुम्ही ओळ. माणूस घरच्यांचा तरी विचार करतो.”

“तुम्ही सांगितलंत, साहेब. डॉक्टर गेल्यावर. काका होते तिथे.”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. अगदी मायेने. “काका, मी असं म्हणालो होतो?”

मी बहात्तर वर्षांचा होतो. घरी रिकामं बसायची मला भीती वाटत होती. सुनेसमोर, टीव्हीसमोर. दुसरं कारण मला शोधूनही सापडलेलं नाही.

“तुम्ही उभे होतात त्या बाजूच्या कानाने मला नीट ऐकू येत नाही,” मी म्हणालो.

सावकाशने माझ्याकडे पाहिलंही नाही. नुसता त्या कागदावरच्या खुणेकडे बघत राहिला.

त्याला काढायचं ठरलं, तरी महिनाभर ठेवला होता, हातातलं काम संपवायला. शेवटच्या दिवशी डिझाइनवाली म्हणाली, “इतक्या वर्षांत एकच काम पटकन केलंत, सावकाश, तेही हे.” सगळ्यांना ते फार आवडलं. दुपारपर्यंत तिघांनी तेच वाक्य पुन्हा म्हणून घेतलं.

मालकांनी ती ओळ परत घालायलाही त्यालाच सांगितलं होतं. दवाखान्याचा हट्ट होता. तोवर त्यांनी फॉर्म बंद ठेवून नावं खिडकीवरच लिहून घेतली होती, म्हणून ते काम त्याने शेवटी ठेवलं होतं. ओळ घातली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“काका, बघून घ्या.”

मी दोन्ही रकान्यांत एकच नंबर घातला. बटण दाबलं. वर लाल पट्टी आली. रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा फोन नंबर एकच आहे. दुसरा वेगळा नंबर द्या. घरात एकच फोन असेल तर शेजाऱ्यांचा चालेल.

“वाचता येतंय?”

“येतंय.”

“कळतंय?”

मी मान हलवली. तेवढ्यात दारातली पेटी वाजायला लागली. सावकाश हल्ली दोन फोन टाकायचा, आपला आणि ताईचा. वाजत होता तो ताईचा. मालक केबिनच्या दारात आले. “एक... दोन... कोणाचा आहे हा? पाच... सहा...” बाराला तो थांबला. मालक आत वळले, तोच दुसरा वाजला. त्यांनी हसून पुन्हा एकपासून सुरुवात केली.

सावकाश उठला. कामाच्या वेळेत पेटीपाशी जाताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. झाकण उघडून त्याने आपला फोन काढला.

“हो... हो, मी सोबतचा माणूस... नाही, पेशंट येणार नाही.” पलीकडून काहीतरी विचारलं असावं. “नाही, पुढच्या वेळीही नाही. पुढच्यांना द्या.” मग जरा थांबून म्हणाला, “त्यांचे दोन नंबर आहेत ना तुमच्याकडे? बघून घ्या. वेगळे आहेत ना?”

“पाचला उचलला,” मालक म्हणाले.

त्याने ताईचाही फोन काढून खिशात टाकला आणि जिना उतरून गेला. पिशवी टेबलाखालीच राहिली. माझ्यासमोर यादी होती. मी ‘ठीक’वर खूण केली.